चारशे बारा ताटं आणि तीन खोल्यांचं यंत्र

३ डिसेंबर, शनिवार
नागिसाने ही वही आणून दिली. पाच वर्षांची आहे. एका पानावर एकाच तारखेच्या पाच वर्षांच्या जागा, प्रत्येक वर्षाला चार ओळी. मी त्र्याऐंशीची. म्हटलं, "एवढी जागा कोण भरणार?" तर म्हणते, "आजी, तू बोलतेस त्याच्या निम्मं लिहिलंस तरी पुरायची नाही." डॉक्टरने सांगितलंय म्हणे की रोज लिहा, डोकं चालू राहतं. माझं डोकं बंद कधी पडलं होतं ते त्याला विचारायला हवं होतं.

चार ओळी तर इथेच संपल्या. पुढच्या वर्षात शिरते आहे.

आमचा धंदा जेवणाचा. पूर्वी साकाताच्या बंदरावर खलाशांचे डबे करायचो. आता तेच खलाशी वृद्धाश्रमांत आहेत, म्हणून तिथे पाठवतो. सतरा आश्रम, चारशे बारा माणसं, तीन वेळा. ताटं तीन प्रकारची. दात आणि घसा शाबूत असलेल्यांना अख्खं. अर्धे शाबूत असलेल्यांना बारीक. आणि ज्यांना गिळताच येत नाही त्यांना मऊ, म्हणजे सगळं वाटून, गाळून, घट्ट करून. मऊवाल्याला अख्खं गेलं की घास घशात बसतो आणि माणूस जातो. एवढीच काळजी आहे या धंद्यात, पण ती रोज तीन वेळा करावी लागते.

कोणाला काय ते ऑफिसातल्या यंत्रात असतं. रोज दुपारी दोनला ते दुसऱ्या दिवसाच्या चिठ्ठ्या छापतं. नाव, आश्रम, खोली, प्रकार. माणशी एक चिठ्ठी, ती दिवसभरासाठी ताटावर डकवायची. यंत्र सोळा वर्षांचं झालंय. मार्चनंतर दुरुस्तीला माणूस मिळणार नाही असं कंपनीचं पत्र आलंय. म्हणून नवीन येणार. सेइजी, माझा मुलगा, कंपनीचा मालक म्हणवतो, त्याने ते काम नागिसावर टाकलंय. त्याचीच मुलगी. सेंदाईत कॉम्प्युटरची नोकरी सोडून दोन वर्षांपूर्वी परत आली. एकतीस वर्षांची आहे आणि नखं खाते.

माझ्या भिंतीवरच्या पाट्या मात्र कोणी बदलणार नाही. प्रत्येक जेवणाऱ्याच्या नावाची बोटाएवढी लाकडी पाटी, खिळ्यावर टांगलेली. नुसती पाटी म्हणजे अख्खं. पांढरा दोरा म्हणजे बारीक. लाल दोरा म्हणजे मऊ. वीज गेली तरी दिसतात.

७ डिसेंबर, बुधवार
यंत्र बसवणारा माणूस आला. मुराकोशी नाव. पन्नाशीचा, बूट नीट जुळवून ठेवणारा. काहीही विचारलं की "असं म्हणता येईल" म्हणतो.

"यंत्र एकच, मोठ्या बाई," तो म्हणाला, "पण आत तीन खोल्या करायच्या. पहिलीत खरं काम. दुसरीत सराव. तिसरी लहान. वायरी, प्रिंटर, बाहेरचा सगळा व्यवहार तिच्यातून."

"म्हणजे दारातली, चपला काढायची जागा."

"असं म्हणता येईल."

"आणि मधलं पार्टिशन कशाचं?"

"कशाचंच नाही. ते तर्काने पाडलेलं असतं. यंत्राला सांगून ठेवायचं की एवढी बुद्धी हिला, एवढी तिला. एवढी आठवण हिची, एवढी तिची. मग प्रत्येक खोलीला वाटतं, या घरात मी एकटीच आहे."

"माझ्या सासूलाही तसंच वाटायचं."

नागिसा हसली. तो हसला नाही, वहीत काहीतरी लिहिलं.

मी विचारलं, सराव हवाच कशाला? नागिसा म्हणाली, नवा प्रोग्रॅम आला की आधी सरावाच्या खोलीत चालवून बघायचा. चुकला तर चुकू दे, खऱ्या ताटाला धक्का नाही. आतापर्यंत आपण सगळं थेट खऱ्यावरच करत होतो, आजी, मला रोज भीती वाटायची.

हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं भीती मला एकटीलाच वाटते.

आमच्या बैठकीच्या खोलीत फुसुमाचे चार सरकते कागदी दरवाजे लावले की दोन खोल्या होतात. पण या बाजूला कोणी खोकलं की त्या बाजूला झोपमोड. हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "या पार्टिशनमधून आवाज जात नाही."

"खात्रीने?"

"असं म्हणता येईल."

१२ डिसेंबर, सोमवार
यंत्र आलं. एवढ्या बोलण्यानंतर मला वाटलं कपाटाएवढं असेल. भाताच्या मोठ्या कुकरपेक्षा जरासं उंच. तीन खोल्या यात आहेत म्हणे. आवाज मात्र जुन्यापेक्षा कमी. जुनं खुरडत चालतं, पण ते चालू आहे हे कळतं तरी. हे चालू आहे की मेलंय ते हात लावून बघावं लागतं. मी दोनदा हात लावला. नागिसाने बघितलं.

सरावाला नावं लागणार. मुराकोशी म्हणाला, खऱ्या माणसांची नावं आणि आजार सरावात वापरता येत नाहीत, कायदा आहे.

"मग खोटी घाला की," मी म्हटलं.

"खोटी बनवली की सगळी गुळगुळीत होतात, आजी," नागिसा म्हणाली. "खऱ्या नावांत भानगडी असतात. जुनी अक्षरं, एकसारखी दोन नावं, कोणाला मासा चालतो पण खेकडा नाही. यंत्र अडखळतं ते अशाच ठिकाणी."

मी विचारलं, "कायदा मेलेल्यांनाही लागू आहे का?"

दोघं एकमेकांकडे बघायला लागले. मुराकोशीने फोनवर शोधलं. "कायद्यात हयात व्यक्ती असं लिहिलंय," तो म्हणाला, जरा हळू.

मग मी बिस्किटांचा डबा आणला. माणूस गेलं की त्याची पाटी मी भिंतीवरून काढून त्या डब्यात टाकते. मेलेले तक्रार करत नाहीत, आणि भानगडींना यांच्याइतकं भरवशाचं कोणी नाही.

१३ डिसेंबर, मंगळवार
पाट्या वाचून दाखवल्या, नागिसाने लिहून घेतल्या. तेवीस निवडल्या, जास्तीत जास्त खोडीच्या.

इगाराशी ग्योझो. मऊ. बोटीवर तीस वर्षं होता. मऊ भातावरसुद्धा सोया सॉस ओतून घ्यायचा आणि समुद्र खारटच असतो म्हणायचा.

सातो तोमी. मात्सुकाझे आश्रम, खोली सात. अख्खं. ब्याण्णवाव्या वर्षी सुका मासा कडकडून चावायची. दात सगळे स्वतःचे. तोंड मिटून हसायला तिला कधी जमलंच नाही, दात दाखवायचे असायचे ना.

हातोरी सुमी. बारीक. हिच्याबद्दल लिहायचं नाही, अजून जमत नाही.

नागिसाने विचारलं, "हिची भानगड काय?"

"काही नाही. घाल नुसतं नाव."

२४ डिसेंबर, शनिवार
दहा दिवस लिहिलं नाही, लिहिण्यासारखं झालं नाही. सराव नीट चाललाय. सरावाच्या खोलीतल्या चिठ्ठ्या नागिसाच्या टेबलावरच्या छोट्या प्रिंटरवर साध्या कागदावर येतात. तेवीस मेलेली माणसं, आश्रम, खोली, प्रकार, एकही चूक नाही. मी भिंगाने तपासल्या.

खरं काम अजून जुन्याच यंत्रावर आहे. बदली बावीस जानेवारीला, रविवारी. सकाळच्या गाड्या गेल्या की बंद करायचं आणि दोनच्या आत नवीन सुरू. जेवणाला रविवार नसतो, त्यामुळे याहून मोठी फट मिळायची नाही.

सेइजी म्हणाला, "आई, आता निवांत राहा." मी निवांत असते तेव्हाच काहीतरी जळतं, हे त्याला लहानपणापासून माहीत आहे.

१ जानेवारी, रविवार
नव्या वर्षाची मोची, घशात चिकटून बसणारी तांदळाची वडी, कोणालाही पाठवली नाही, मऊ केलेलीसुद्धा नाही. दोन आश्रमांनी नाराजी कळवली. कळवू देत. संध्याकाळपर्यंत एकही फोन आला नाही. मी स्वतः एक तुकडा खाल्ला, चहाबरोबर, हळू.

१० जानेवारी, मंगळवार
बर्फ. रस्त्याचा आरसा झालाय. सेइजीने मला घराबाहेर पाऊल टाकू दिलं नाही. म्हणतो, तुझं हाड मोडलं तर सतरा आश्रमांपैकी कोणता निवडशील ते आत्ताच सांग. जीभ माझ्यावर गेली आहे त्याची.

स्वयंपाकघरची इसोबे तापाने पडली, फ्लू. पंचवीस वर्षांत तिसरी सुट्टी. तिच्या जागी एजन्सीच्या दोन बायका आल्यात. त्यांना ओळी वाचता येतात म्हणे. इसोबेला माणसं वाचता येतात.

नागिसा दुपारी जेवायला आली तेव्हा खुशीत होती. मुराकोशीने आज खऱ्याची हुबेहूब नक्कल सरावाच्या खोलीत नेली. प्रोग्रॅम, वेळा, सवयी, सगळं. फक्त माणसं आपली मेलेलीच. हुबेहूब म्हणजे अगदी हुबेहूब, आजी, असं दोनदा म्हणाली. नखं खाल्लेली नव्हती. मीही बरं वाटून घेतलं.

११ जानेवारी, बुधवार
घाईत लिहितेय. अक्षर वाचता आलं नाही तर नाही.

पावणेएकला मात्सुकाझेहून फोन. तिथली मुख्य सेविका ओनोदेरा. नेहमी नमस्कार, हवा, तब्येत असं सगळं बोलून मग कामाचं बोलते. आज सरळ म्हणाली, "सातो तोमिएबाईंच्या घशात कोन्न्याकू अडकला होता. निघाला. त्यांना हॉस्पिटलात नेलंय."

तोमिए मऊ खाते. लाल दोरा. तिच्या ताटात कोन्न्याकू जाऊच शकत नाही. तो रबरासारखा गोळा, सोयात शिजवलेला, आम्ही बारीकवाल्यांनासुद्धा देत नाही. मी म्हटलं, "तुमच्याकडे ताटं बदलली असतील."

"चिठ्ठी वाचून दाखवू का?" ओनोदेरा म्हणाली. "मात्सुकाझे, खोली सात, सातो तोमी, अख्खं."

तोमी जाऊन दोन वर्षं झाली. तिच्याच खोलीत, तिच्याच खाटेवर आता तोमिए आहे. खोली सातला आज दोन ताटं गेली. तिथली नवी मुलगी, तिने वरचं उचललं.

"सगळं सांगा," मी म्हटलं.

ओनोदेरा सांगत होती की ती व्हरांड्यातून जात होती. "खोकला ऐकू आला नाही म्हणून मी वळून बघितलं. तोमिएबाई जेवताना नेहमी थोड्या खोकतात. आज एकदम गप्प होत्या." पाठीत पाच वेळा मारलं तेव्हा अर्धा गोळा बाहेर आला. ओठ निळे पडले होते.

मग एकेक कळत गेलं. काल दोन वाजता जुन्या यंत्राने रोजच्यासारख्या चारशे बारा चिठ्ठ्या छापल्या. त्याच मिनिटाला नव्या यंत्रातली सरावाची खोलीही जागी झाली. तिला काय ठाऊक ती सरावाची आहे. तिला वाटलं, घरात मी एकटीच, दोन वाजले, चिठ्ठ्या छापायच्या, स्वयंपाकघरच्या प्रिंटरवर पाठवायच्या. हुबेहूब. तेवीस चिठ्ठ्या त्याच गुंडाळीत आल्या. एजन्सीच्या बायकांनी मोजलं, चारशे पस्तीस. नवीन वर्षात माणसं वाढली असतील म्हणून तेवढी ताटं केली. इसोबे असती तर पहिली चिठ्ठी वाचूनच किंचाळली असती. मी असते तरी.

बाकीच्या आश्रमांना फोन केले, मीच केले. बहुतेक ठिकाणी ताटं तशीच परत ठेवली होती. एका ठिकाणी दुसऱ्या कोणी खाल्लं, त्याला अख्खंच चालतं, वाचलो. आणि इगाराशीच्या आश्रमात त्यांनी त्याचं मऊ ताट त्याच्या फोटोपुढे ठेवलं होतं. तिथली व्यवस्थापक म्हणाली, "तुम्ही आठवण ठेवून पाठवलंत असं वाटलं आम्हाला. फार बरं वाटलं." मी आभार मानून फोन ठेवला. दुसरं काय करणार.

नावं माझी होती. डबा मी आणला होता.

१२ जानेवारी, गुरुवार
माफी मागायला मात्सुकाझेला गेलो. सेइजी, नागिसा, मी. मिठाईची पेटी न्यायचा रिवाज आहे. सेइजीने गाडीत ठेवली होती, मी पिशवीत डोकावले. मोची.

"गाडी थांबव," मी म्हटलं.

"काय झालं आई?"

"घशात घास अडकवून आलास आणि आता मोची देतोस? वर काठी पण दे, आत ढकलायला."

वाटेत रव्याचे केक घेतले.

तिथे तिघांनी जमिनीला कपाळ टेकवलं. व्यवस्थापक शांतपणे म्हणाले की त्यांच्या संस्थेचे चार आश्रम आमच्याकडून घेतात. एक जरी ताट पुन्हा चुकलं तर चारही बंद. त्यांचं बरोबर आहे. मी त्यांच्या जागी असते तर आजच बंद केलं असतं.

नागिसा पुढे होऊन म्हणाली, "चूक माझी आहे. यंत्राची जबाबदारी माझी आहे." मी म्हटलं, "मेलेल्यांची नावं मी दिली." व्यवस्थापकांना दोन्हीपैकी काहीच नको होतं. त्यांना नीट ताटं हवी होती.

तिथून हॉस्पिटलात. तोमिए उशाला टेकून बसली होती. फुप्फुसात काही गेलंय का ते बघतायत, तीन दिवस ठेवणार. मी वाकले, बोलायला तोंड उघडलं, तर तीच म्हणाली, "तोमीचा कोन्न्याकू होता म्हणे तो."

"हो."

"चांगला शिजला होता. तीन वर्षं झाली, दाताखाली काही आलं नव्हतं."

"मरत होतीस तू."

"ते नंतर," ती म्हणाली. "आधी चव आली."

 नागिसा रडायला लागली. तिला बाहेर पाठवलं, हॉस्पिटलात आणखी एक पेशंट नको.

१३ जानेवारी, शुक्रवार
घरी भांडण. सेइजी म्हणतो, नवीन यंत्र परत करा, जुनंच चालवू. नागिसा म्हणते, मार्चनंतर जुनं बंद पडलं तर चारशे बारा चिठ्ठ्या हाताने लिहाल का. सेइजी म्हणाला, "तू सेंदाईतच राहायला हवं होतंस." ती उठली. मग म्हणाली, "बदली झाली की मी जाते."

मुराकोशी दोन तास गुडघ्यावर बसून होता. त्याने सगळं समजावलं. दोन खोल्यांमधून काही गळलं नाही. चूक झाली ती तिसऱ्या खोलीत. तिच्या हातात स्वयंपाकघरचा प्रिंटर होता, आणि दोन्हीपैकी कोणीही कागद दिला तरी तो नेऊन टाकायचं एवढंच तिला माहीत होतं.

"म्हणजे आवाज भिंतीतून गेला नाही, दाराने गेला," मी म्हटलं.

"असं," तो म्हणाला, आणि पुढचं गिळलं. "हो. माझी चूक आहे. नकलेत दोनची वेळही जाईल हे मी बघायला हवं होतं."

पहिल्यांदा तो सरळ बोलला. मला त्याच्यावर थोडा भरवसा वाटायला लागला, चुकल्यावर.

मी सेइजीला म्हटलं, बदली ठरल्या दिवशीच होईल. पण सरावाच्या खोलीला स्वयंपाकघराचं दार दिसतासुद्धा कामा नये. तिच्या चिठ्ठीवर आडवं काळं सराव असं छापायचं. मेलेले बाहेर. त्यांच्या जागी आमची नावं, ड्रायव्हरांची, इसोबेची, माझी, सगळ्यांची सही घेऊन. आणि बावीस तारखेला नव्या यंत्राची एक एक चिठ्ठी मी माझ्या पाट्यांशी ताडून बघणार. चारशे बाराच्या चारशे बारा. मी हो म्हटल्याशिवाय ताट हलणार नाही.

"तुला झेपेल?" सेइजीने विचारलं.

"पाट्या कोणी लिहिल्यात?"

१६ जानेवारी, सोमवार
तोमिए आश्रमात परत आली. फुप्फुस स्वच्छ. इसोबेही उठली, तिला सगळं सांगितलं तेव्हा तिने ओट्यावरची चार पातेली जोरात आपटली.

मुराकोशीने आज सरावाची खोली मुद्दाम दोनच्या ठोक्याला जागी केली. आम्ही सगळे स्वयंपाकघरच्या प्रिंटरसमोर उभे होतो, मयताला उभे राहतात तसे. जुन्याच्या चारशे बारा आल्या आणि थांबलं. वर नागिसाच्या टेबलावर आमची नावं आली, काळ्या पट्टीची. माझं नाव, अख्खं.

नागिसाची नखं रक्ताळली आहेत.

१९ जानेवारी, गुरुवार
बर्फ थांबत नाही. छपरावरचं उतरवायला दोन माणसं बोलावली.  गॅस बंद केला का ते तीनदा जाऊन बघितलं, तिन्ही वेळा बंद होता. नागिसा आश्रमांच्या फॅक्सच्या ढिगात बुडाली आहे, बदलीच्या आधी सगळी माहिती ताजी करून घेतेय. दिवसभर फोन वाजत होते, मीच घेतले. विशेष काही नाही.

२१ जानेवारी, शनिवार
उद्या. एका ताटाचा प्रश्न आहे, चारशे बारामधल्या कुठल्या ते माहीत नाही, हेच वाईट.

नागिसाला विचारलं, बदलीनंतर खरंच जाणार? म्हणाली, "उद्याचं झालं की बोलू." मी म्हटलं, जायचं तर आवरून जा, तुझी खोली मला सापडत नाही इतकी भरली आहे. तिने मान हलवली. मी आणखी काहीतरी बोलायला हवं होतं बहुतेक.

२२ जानेवारी, रविवार
जेवढं झालं तेवढं लिहिते.

सकाळच्या गाड्या आठला गेल्या. जुनं यंत्र मुराकोशीने बंद केलं. सोळा वर्षांचा खुरडता आवाज थांबला आणि ऑफिसात एकदम सगळ्यांचे श्वास ऐकू यायला लागले. साडेअकरापर्यंत माहिती नव्यात जात होती. नागिसा पडद्यावरून नजर काढत नव्हती. सेइजी येऊन जाऊन "कितवा टक्का" विचारत होता, शेवटी इसोबेने त्याला बटाटे सोलायला बसवलं.

दोनला चिठ्ठ्या आल्या. पहिल्या खोलीतून, पहिल्यांदा. चारशे बारा. एकही जास्त नाही, एकही कमी नाही.

मी भिंतीसमोर स्टूल घेतलं. इसोबे चिठ्ठी वाचणार, मी पाटी बघणार. "फुजिमी आश्रम, खोली एक, बारीक." पांढरा दोरा. "फुजिमी, खोली दोन, अख्खं." दोरा नाही. असं एकेक. पाठ दुखत होती, उठले नाही. तोमिएचं आलं तेव्हा इसोबे थांबली. "मऊ," ती म्हणाली. लाल दोरा. पुढे.

तीनशे सदतिसावी. "मात्सुकाझे, खोली अकरा, ओगुरा तामेकिची, मऊ."

पाटीला दोरा नव्हता. अख्खं.

मला आतून गरम वाटलं. खोटं कशाला लिहू, आनंद झाला. सापडलं. एवढ्या थाटाचं यंत्र, तीन खोल्या, तर्काची पार्टिशनं, आणि चूक कोणाला सापडली? मी इसोबेकडून चिठ्ठी घेतली. नागिसा जिन्यात उभी होती, तिने माझा चेहरा बघितला आणि तिचा उतरला. मुराकोशी वर गेला, जुनं यंत्र परत सुरू करायची तयारी करायला.

मी म्हटलं, "थांबा. आधी आश्रमाला विचारते." का म्हटलं ते मला माहीत नाही. दहा दिवसांपूर्वी मी विचारलं नसतं. तामेकिचीला मी चाळीस वर्षं ओळखते, तो आमचाच डबा खायचा, खेकडे कवचासकट फोडायचा.

आतल्या खोलीतून फोन केला, दार लावून. ओनोदेराच होती.

"ओगुरा तामेकिचींना काय द्यायचं, अख्खं ना?"

 "मऊ. बुधवारी त्यांना झटका आला, उजवी बाजू गेली. मी गुरुवारी सांगितलं होतं फोनवर. फॅक्सही केला होता, नेहमीसारखा."

"कोणाला सांगितलंत?"

"तुम्हालाच, मोठ्या बाई," ती म्हणाली. फार हळू म्हणाली. "तुम्ही म्हणालात, कळलं, लाल दोरा बांधते."

फोन ठेवून ही वही उघडली. गुरुवार. बर्फ, गॅस, विशेष काही नाही.

यंत्राकडे फॅक्सची माहिती होती, नागिसाने घातली होती. माझ्याकडे काहीच नव्हतं. मी आधी विचारलं नसतं तर ती चिठ्ठी फाडून अख्खं लिहिलं गेलं असतं, माझ्या हाताने, आणि उद्या दुपारी तामेकिचीच्या ताटात भाजलेली मॅकरेल गेली असती. काट्यांसकट. त्याला वाचवायला ओनोदेरा पुन्हा त्याच व्हरांड्यातून जात असती की नाही कोण जाणे.

पेटीतून लाल दोरा काढला. बोटांना गाठ येईना, दातांनी ओढली. बाहेर येऊन पाटी लावली. "बरोबर आहे," मी म्हटलं. "मऊच. पुढचं वाच."

इसोबेने दोऱ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि पुढची वाचली. उरलेल्या पंच्याहत्तर जुळल्या. चारला मी हो म्हटलं. सेइजीने बटाट्यांच्या सालांतच खाली बसून घेतलं.

जेवताना नागिसाने विचारलं, "आजी, तू एक चूक पकडली होतीस ना?"

"पकडली."

"यंत्राची?"

"सूप गार होतंय."

 मग तिने सूप प्यायलं आणि माझ्या पुढ्यातली मॅकरेल ओढून घेतली, काटे काढून परत ठेवली. मी काढू दिले. म्हटलं, "जायचं असेल तर एप्रिलनंतर जा. एप्रिलमध्ये नवीन माणसं येतात आश्रमांत, नावं खूप बदलतात." ती म्हणाली, "बघू." पण तिने वाडगी उचलली ती धुऊन नेहमीच्या जागी ठेवली, स्वतःच्या फळीवर.

२३ जानेवारी, सोमवार
मात्सुकाझेची सगळी ताटं रिकामी परत आली, तामेकिचीचंही. कोणी खोकलं नाही असा ओनोदेराचा निरोप आला.

उद्यापासून आश्रमांचे फोन इसोबे घेईल, असं मी सगळ्यांना सांगितलं. सेइजीने कारण विचारलं. म्हटलं, उजवा कान दुखतो.

कानाला काही झालेलं नाही.